रुख्माबाईंची ओळख पटली

“परत लावा,” रूपराव म्हणाले.

अश्विनने तिसऱ्यांदा व्हिडिओ लावला. वर्ध्याच्या कलेक्टर कचेरीतल्या त्या लहान खोलीत दोघेच होते. पडद्यावर एक म्हातारी मातीच्या भिंतीला टेकून बसली होती. केस भादरलेले, अर्धा चेहरा पट्टीखाली, गळ्याची हाडं वर आलेली. हिंदीत ती एवढंच म्हणत होती, “मैं रुख्माबाई. सेवाग्राम की. मेरे आदमी का नाम रूपराव. मुझे घर ले जाओ.”

एकोणीस सेकंद. मग पडदा काळा.

“घाई नाही काका,” अश्विन म्हणाला. परदेशात अडकलेल्यांचं काम पाहणारा हा अधिकारी बोलायला मऊ होता. “पण मला लेखी द्यावं लागेल. त्यांचे सगळे कागद तिकडे जळाले. बंडखोर फक्त परदेशी म्हाताऱ्यांना सोडताहेत, तेही त्यांच्या देशाने नाव घेतलं तरच. अशा वेळी दुसऱ्याच्या नावावर कोणीही सुटायला बघतं. म्हणून घरच्या माणसाची खात्री लागते.”

“आन् ज्याचं नाव कोनीच घेत नाई, तो?”

“तो तिथेच राहतो. फार दिवस नाही राहत.”

रूपरावांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला.

रुख्माबाई सेवाग्रामच्या दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झाल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. दोन वर्षं घरी काढली आणि एक दिवस म्हणाल्या, “म्या काय भिंती पाहत मरू?” एका संस्थेबरोबर आफ्रिकेतल्या एका देशात, बाळंतिणींच्या दवाखान्यात सहा महिन्यांसाठी गेल्या. रूपराव चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच त्यांची बॅग भरून दिली.

दर रविवारी फोन यायचा. “पोट्ट्याइले जन्माले घालता घालता हात दुखते,” त्या सांगायच्या. “इथली म्हातारी सैपाकीण माह्यासंग हिंदीत बोलते. तिचा आजा गुजरातेतून आलता म्हने. मांगंपुढं कोनी नाई बिचारीले. म्या तिले झुनका शिकवला. आता आपली बोली बी समजते तिले.”

मग लढाई त्या गावापर्यंत आली. एका रविवारी फोन आला नाही. दवाखान्यातल्या सगळ्यांना ट्रकमध्ये कोंबून नेल्याची बातमी चौथ्या दिवशी टीव्हीवर आली. त्यानंतर नऊ महिने काहीच नाही.

“एक प्रश्न विचारता येईल,” अश्विन म्हणाला. “मध्यस्थामार्फत. फक्त काकूंनाच ठाऊक असेल असं काहीतरी.”

रूपराव खिडकीकडे वळले.

“लग्नाचं पयलं वर्ष. तिची दुपारपाळी होती. म्या सायकलनं डबा नेत होतो, तं नाल्यावरच्या रपट्यावर पडलो. डबा वाहून गेला. तवा आमी काय खाल्लं, ते विचारा.”

उत्तर यायला चार दिवस लागले. अश्विनने कागद वाचून दाखवला. “चिंचा. नर्सेसच्या हॉस्टेलमागच्या. दोघांचेही दात आंबले होते.”

रूपरावांनी डोळे मिटून घेतले. पाणी मिशांपर्यंत ओघळलं.

“बरोबर आहे?”

“बरोबर हाय. हे तिनं सांगतल्याबिगर कोनाले ठाऊक होनार नाई.”

“मग व्हिडिओतल्या बाई तुमच्या पत्नीच. तसं लिहू?”

“साहेब, बेचाळीस वर्सं संसार केला. म्या तिले वळखनार नाई काय?” रूपरावांनी पेन ओढून घेतलं. “आना इकडं. कुठं सही करू?”

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं. पुतण्या मुकेश पेढ्यांचा डबा घेऊन धावत आला, तर काका घरात नव्हते. मागच्या अंगणात विहिरीच्या कठड्याला कपाळ टेकून ते हुंदके देत होते.

“काऊन रडून राह्यले काका? काकू येऊन राह्यली ना!”

“रडू दे त्याइले,” शेजारच्या शकुंतलाबाई म्हणाल्या. “नऊ मयन्याचं साचलं हाय.”

मुकेशला सगळं गाव घेऊन नागपूरच्या विमानतळावर जायचं होतं. बँडवाल्याशी बोलणंही झालं होतं. रूपरावांनी साफ मना केलं.

“कोनीच येऊ नका. तू बी नको. आन् आठ दिवस घराकडं फिरकू नका. मानसं पाह्यली का भेव वाटत असन तिले.”

विमानतळावर अश्विनबरोबर ते एकटेच उभे होते. चाकाच्या खुर्चीत बसलेली म्हातारी बाहेर आली. पट्टी सुटली होती, भाजलेला गाल उघडा होता. तिने रूपरावांकडे पाहिलं. तोंड उघडलं, ओठ हलले.

रूपराव झटकन पुढे झाले. तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून वाकले.

“काई बोलू नको. चाल, घरी जाऊ.”

अश्विनने तोंड फिरवून डोळे पुसले.

सेवाग्रामपर्यंतच्या रस्त्यात म्हातारीने दाराची मूठ धरून ठेवली होती. रूपराव मध्येच तिच्या पायांवरचं सरकलेलं पांघरूण नीट करत होते.

घरी पोचल्यावर अश्विनने शेवटच्या कागदावर सही घेतली, दोघांच्या पाया पडला आणि गेला. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत रूपराव उंबऱ्यात उभे राहिले. मग त्यांनी दार लोटून आतून कडी घातली. म्हातारीला पाणी दिलं. ती ते घटाघटा प्यायली.

रूपराव तिच्या शेजारी बाजेवर बसले नाहीत. समोर जमिनीवर टेकले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“बाई,” ते हळू म्हणाले, “आता इथं कोनी नाई. सांगा मले, माही रुख्मा गेली तवा तुमी तिच्याजवळ होत्या ना?”