पळती अक्षरं

सर्कशीचं पान दोऱ्यानं बांधून झालं होतं, यंत्रावर चढायचं तेवढं बाकी होतं, आणि सूर्याजीनं दोरा सोडला. जाड, तिरप्या अक्षरांचे शिशाचे खिळे टेबलभर घरंगळले.

माधवगंजातल्या त्या छापखान्याचे मालक गोपाळकृष्णपंत ताडकन उठले. दुपारपर्यंत सर्कसवाल्याला आणखी हजार जाहिराती द्यायच्या होत्या. पण ओरडणार कुणावर? सूर्याजी म्हणजे त्यांच्याकडे सोळा वर्षं खिळे जुळवणारा माणूस, आणि त्याची सहा वर्षांची पद्मा परवा मेळ्यात हरवलेली. पोर जन्माची मुकी. कुणी नाव विचारलं तर सांगणार काय, कपाळ! कोतवाली झाली, कंपू भागातलं इस्पितळ झालं, नवस बोलून झाले. दोन दिवस त्यानं अन्नाला हात लावला नव्हता.

सूर्याजीला त्याच खिळ्यांनी पद्मा हरवल्याची सूचना छापायची होती. पंतांनी त्याला समजावलं, अगदी जीव तोडून समजावलं. हरवल्याची सूचना सरळ, बारीक अक्षरांत शोभते. दरबारचे हुकूम तशाच अक्षरांत निघतात, लोक थांबून वाचतात. हा तिरपा टाइप म्हणजे नुसती आरडाओरड. कुठं नखरा नाही की नाजूक रेघ नाही, सगळी अक्षरं एकाच जाडीची, पुढं झुकून धावत सुटलेली. सोडा-लेमन, केसांचं तेल आणि सर्कस, एवढ्यांनाच तो बरा. लोक म्हणतील, आणखी एक तमाशा, आणि चालू लागतील.

पंतांचं काही खोटं नव्हतं. सूर्याजी मात्र मान खाली घालून खिळे वेचत राहिला. हजिरा भागातल्या पानवाल्यानं त्याला सकाळीच सांगितलं होतं, की परवा संध्याकाळी एक मुकी पोर भिंतीवरच्या सर्कशीच्या कागदावर बोट फिरवत किती तरी वेळ उभी होती. मग गर्दीत कुठं गेली, देव जाणे.

"पंत, तिला वाचता येत नाही," तो म्हणाला. "पण ती या टेबलाखाली याच खिळ्यांशी खेळत वाढली. हे दिसले की ती थांबते. लोक जाईनात का पुढं."

शाईचा रूळ पंतांनी स्वतःच उचलला. वर तिरप्या अक्षरांत पद्मा, खाली छापखान्याचा पत्ता, एवढंच छापलं.

दुपारी सूर्याजी खळीची बादली घेऊन हजिऱ्याला पोचला. भिंतीपाशी गुडघे टेकून तो कागद लावू लागला.

"भैया, ज़रा ऊपर लगाओ," पानवाला म्हणाला. "इतने नीचे कौन पढ़ेगा?"

सूर्याजीनं मागं पाहिलं नाही. तो उठून पुढच्या भिंतीशी गेला. त्याच्या कमरेच्या जरा वर, जिथं तिचं डोकं टेकायचं, तिथं हात धरून त्यानं भिंतीवर उंची मापली, आणि त्याच्या खाली खळ लावली.