नाताळचा बाजा

“लाव आता,” गुरुलिंगअप्पा म्हणाले. त्यांच्या लेकीनं, शिल्पानं, फोन स्पीकरला जोडला आणि नाताळचा बाजा सुरू झाला.

बाजा हा अप्पांचा शब्द. खरं म्हणजे तो साहेबी वाद्यवृंद, फार जुनं रेकॉर्डिंग, मागं बारीक खरखर असलेलं. गाणं नाही, बोल नाहीत. नुसती ढीगभर व्हायोलिनं एका दमात उठायची, मग पितळी कर्णे यायचे, आणि मध्येच बैलगाडी येताना घुंगरं वाजावीत तशा घंट्या. भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला यात काय कळतंय, असं बाजारातले लोक चिडवायचे. कळत नव्हतंच. पण बायको नीलम्मा मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, ती रिटायर झाली तेव्हा मेट्रनबाईंनी तिला ही कॅसेट दिली, आणि तेव्हापासून नाताळच्या आठवड्यात दुकान बंद करून आलं की दोघं शेजारी बसून ऐकायचे, अलीकडं शिल्पानं फोनवर उतरवून दिलेलं. होता होता अप्पांना ते कर्णे इतके आवडायला लागले की ते यायच्या आधीच त्यांची मान हलायची. यात शब्द न्हाईत म्हणून भांडण बी न्हाई, असं ते कौतुकानं सांगायचे.

आज मान हलत नव्हती. अप्पा खाटेजवळच्या खुर्चीत बसून होते आणि खाटेवर नीलम्मा भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिला आता कुणीच ओळखू येत नव्हतं. दिवाळीत ती अनवाणी निघून पार बसस्टँडला जाऊन बसली होती. तेव्हाच शिल्पानं पुण्यात अशा माणसांना सांभाळणारं एक ठिकाण बघून ठेवलं, आणि नाताळच्या सुट्टीत ती अव्वाला, आपल्या आईला, न्यायलाच आली होती. गाडी उद्या सकाळी यायची होती. अप्पा आधी भांडले, मग दोन दिवस जेवले नाहीत, आणि शेवटी एका अटीवर आले. आज बाजा ऐकून हिनं मला ओळखलं, तर गाडी परत पाठवायची. शिल्पा हाव म्हणाली. दमलेलं माणूस कशालाही हाव म्हणतं.

त्यात आज येळवस, शेतात पूजा करून तिथंच जेवायची अमावास्या. या दिवशी लातुरात घरी कोण थांबतं? अख्खी गल्ली भज्जी आणि आंबील घेऊन शेतावर गेली होती. ना टीव्ही, ना भांड्यांचा आवाज, त्यामुळं व्हायोलिनं पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जात असतील. अप्पा देव पाण्यात घालून बसल्यासारखे बसले होते. पहिलं वाजून संपलं. दुसरं संपलं. खाटेवर काही हललं नाही, आणि शिल्पानं हळूच घड्याळ बघितलं ते अप्पांना दिसलं.

मग कर्णे आले आणि नीलम्मा उठून बसली.

कुणी उठवलं नव्हतं. तिनं पाय खाली सोडले, पदर सारखा करून कमरेला खोचला, विस्कटलेले केस दोन्ही हातांनी मागं नेऊन बांधले. डोळे एकदम जागे झाले होते. तिनं खोलीभर नजर फिरवली आणि ती अप्पांवर येऊन थांबली. असं तिनं किती महिन्यांत बघितलं नव्हतं. अप्पांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. बघ, म्हणलं न्हवतं का मी, असं त्यांनी लेकीला डोळ्यांनीच सांगितलं. शिल्पाही तोंडावर हात धरून उभी राहिली. आशा मेली भारी चिवट असते, तिलासुद्धा क्षणभर खरं वाटलं.

नीलम्मा खाटेवरून उठली. आपलीच चादर तिनं ओढून ताठ केली, कडा गादीखाली खोचल्या. मग अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

“मामा, उठा आता. भेटायची येळ संपली.”

अप्पा तिच्याकडं बघतच राहिले. तिला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. ती वाकून, समजुतीनं बोलली. “बाजा लागला न्हवं? नाताळात घंटी वाजवत न्हाईत, हा बाजा लावतेत. बाजा लागला की नातेवाइकांनी घरी जायचं.” मग तिनं विचारलं, “तुमचं पेशंट कोण?”

“माझी बायको,” अप्पा म्हणाले.

नीलम्मानं रिकाम्या खाटेकडं बघितलं. आवाज एकदम खाली आणला.

“झोपल्या त्या. आता त्रास देऊ नका. उद्या या.”

शिल्पा रडत पुढं आली, तिनं अव्वाचा हात धरला. सिस्टर, जरा पडदा ओढा, एवढंच नीलम्मा तिला म्हणाली. शिल्पाला काय करावं कळेना. अप्पांनी मानेनं खुणावलं तेव्हा तिनं जाऊन खिडकीचा पडदा ओढला.

अप्पा खुर्चीला धरून उठले. नीलम्मानं त्यांच्या कोपराला आधार दिला, दारापर्यंत आणून सोडलं आणि उंबरा सांभाळा म्हणून सांगितलं. इतकं मायेनं तर ती लग्नाच्या नव्या नवलाईतसुद्धा बोलली नव्हती. अप्पांनी पायांत चपला घातल्या. फाटकाशी थांबून मागं बघितलं. नीलम्मा अजून दारातच उभी होती, पेशंटचा माणूस खरंच गेला का ते बघत. मग त्यांनी फाटक उघडलं, बाहेरून कडी घातली आणि मोकळ्या रस्त्यानं चालायला लागले.