दगाबाज रायफल

“रायफल बेकार हाय,” सयाजी पुन्हा म्हणाला.

गुफरानने नळी दारातल्या उजेडाकडे धरली आणि पुन्हा आतून पाहिली. सोलापुरातलं हे हत्यारांचं दुकान त्याच्या वडिलांपासूनचं. गंजक्या बंदुकीला कोरी म्हणणारी गिऱ्हाइकं त्यानं रगड पाहिली होती. पण विकायला आलेला माणूस आपल्याच मालाला नावं ठेवतो, हे नवीनच होतं.

बरं, माल नावं ठेवण्यासारखा असता तरी ठीक. सरकारी कारखान्यात घडलेली, तीनशे पंधरा बोअरची, बोल्ट मागेपुढे करून गोळी चढवायची साधी रायफल. विलायतीच्या नादी लागलेले हिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. न बघोत बापडे. नळीतले पीळ स्वच्छ होते. बोल्टवरचा नंबर आणि अंगावरचा नंबर एकच होता. लाकडाला चीर नव्हती. अक्कलकोटचा नंदीश नुकताच बँकेत गार्ड म्हणून लागला होता आणि गुफरान म्हणेल त्या किमतीला ती घ्यायला तयार होता. परवान्याचं काम झालं होतं. गुफरानने रायफल चांगली आहे म्हणायचं तेवढं बाकी होतं.

“नंदीशला ल्हान ल्हान पोरं हायती,” सयाजी म्हणाला. “ऐन वेळेला दगा देईल ही. तुमी भंगारात काढा.”

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला, सोनाबाईला, हे सहन होईना. ह्यांचं काही मनावर घेऊ नका, असं तिनं गुफरानला सांगितलं. रिटायर झाल्यापासून ह्यांचं चित्त ठिकाणावर नाही. सांगोल्यात बँकेच्या दारात हीच रायफल घेऊन ह्यांनी जन्म काढला. निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल घातली आणि सांगितलं, की सगळ्या नोकरीत सयाजीनं एकदाही गोळी झाडली नाही, असा थंड डोक्याचा माणूस मिळायचा नाही. बँकेतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती हे सांगत असताना सयाजी रस्त्यावरची रिक्षा बघत बसला होता.

गुफरानला आता राहवेना. रायफल रिकामी असल्याची खात्री करून त्यानं बोल्ट बंद केला आणि चाप ओढला. कडक टक् व्हायला हवं होतं. आवाज आला तो गोधडीवर थाप मारल्यासारखा. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं बोल्ट बाहेर काढून उघडला. गोळीवर ठोका मारणाऱ्या पिनेभोवती काळा, घट्ट थर बसला होता. तो कागदावर खरवडून त्यानं वास घेतला. गंजाचा नव्हता, बंदुकीच्या दारूचाही नव्हता. शेवटी धीर करून त्यानं कण जिभेला लावला. तेलकट होता. “आणि गोड आहे,” तो चकित होऊन म्हणाला.

सोनाबाईनं पदर तोंडाला लावला. मग हळूहळू तिच्या तोंडून सगळं बाहेर आलं. खंडेनवमीला घरातल्या विळ्याची, कुऱ्हाडीची, शिलाई मशीनची पूजा व्हायची. सयाजी रायफल रिकामी करून पाटावर ठेवायचा आणि आंघोळीला जायचा. मग सोनाबाई सगळ्यांना नैवेद्याच्या पुरणाचा घास लावायची. नळीत काही घालायचं नाही, अशी त्याची ताकीद होती. ती तिनं तंतोतंत पाळली होती.

“गोळी जिथनं खाती, तिथंच घास लावला मी,” ती म्हणाली. “तिनं एकटीनंच का उपाशी ऱ्हायाचं?”

असं वर्षानुवर्षं चाललेलं. सयाजी नळी साफ करायचा, वरून तेलाचं फडकं फिरवायचा. पण बोल्टही उघडून साफ करायचा असतो हे त्याच्या गावीही नव्हतं. गुफरान पोट धरून हसला. रायफलीचा काही दोष नाही, म्हणाला. बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून साफ केला की कोरीसारखी उडेल, आणि किंमतही कोरीच्या जवळपास येईल. मग हसता हसता तो थांबला.

“काका, तुम्ही तर कधी गोळी झाडलीच नाही. मग ही उडत नाही, हे तुम्हाला कसं कळलं?”

सयाजीनं सोनाबाईकडे पाहिलं. तीही त्याच्याकडेच बघत होती. त्यानं मान खाली घातली आणि फरशीलाच सांगावं तसं सांगितलं. गेल्या दिवाळीच्या आधी, पेन्शनच्या दिवशी, बँकेच्या दारात रोकडीची पेटी उतरत होती. तोंडाला फडकं बांधलेला एक गडी गर्दी फोडत सरळ पेटीवर पळत आला. थांब म्हटलं तर थांबला नाही. सयाजीनं नेम धरला आणि चाप ओढला. गोळी उडाली नाही. गडी पेटीवरून उडी मारून आत गेला. त्याची म्हातारी आई आत रांगेत चक्कर येऊन पडली होती, कुणीतरी त्याला फोन केला होता. गोंधळात चाप ओढलेला कुणाला कळला नाही. सगळ्यांना वाटलं, सयाजीनं डोकं शांत ठेवलं. दुरुस्तीला न्यावी, तर कसं कळलं ते सांगावं लागलं असतं.

“आईला उचलून भायेर आला, आन् मलाच म्हनला, मामा, जरा दार धरा की,” सयाजी म्हणाला. “मी दार धरून हुबा ऱ्हायलो. शाल घातली तवा धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं हुतं मला.”

सोनाबाईचे डोळे भरून आले. हाताला काहीतरी काम हवं म्हणून गुफरानने त्या खरवडीच्या कागदाचा बोळा केला आणि केराच्या डब्याकडे हात नेला.

सयाजीनं त्याचं मनगट धरलं, आणि दुसऱ्या हाताची ओंजळ पुढं केली.

“टाकू नगासा,” तो म्हणाला. “परसाद हाय त्यो.”