चौथ्या मजल्यावरची ताई

ताईचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, ताई अंथरुणाला खिळलेली. दुसऱ्या मजल्यापाशीच भावाची छाती आवळायची, म्हणून सात वर्षं बोलणं फोनवरच चाललं. मग त्याने हृदयाची अरुंद झालेली नस उघडी ठेवणाऱ्या स्टेंटवरच्या संशोधनात नाव दिलं. निम्म्या रुग्णांना स्टेंट बसवणार, निम्म्यांच्या नसेतून नुसती तार फिरवणार. कुणाला काय, ते वर्षाने सांगणार. त्याच्या मनगटातून तार घातली गेली; तिथली पट्टी निघाली आणि तो दर रविवारी चारही मजले चढू लागला. "एवढा सुकलास, आवाजावरून कळलं नाही रे," पहिल्यांदा ताई गालांवरून हात फिरवत म्हणाली. आज वर्ष संपलं. दवाखान्यातून तो थेट तिच्याकडे आला. "ताई, मला स्टेंट बसवलाच नव्हता." "म्हणजे त्या सात वर्षांतही वर येता आलं असतं तुला," ताई म्हणाली. तो पलंगावर तिच्याजवळ बसला आणि अंधार पडेपर्यंत उठला नाही.