सहज आलो

काकू दारातच कुजबुजली, "डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना अजून कळू दिलेलं नाही. तूही चेहऱ्यावर दाखवू नकोस." त्याने मान हलवली. विम्याची बॅग तो मुद्दामच घरी ठेवून आला होता.

"या, एजंटसाहेब!" काका उशीला टेकून बसले होते. "आज काय आणलंय? तुझ्या दुकानात माल एकाच कंपनीचा, आणि तोही मेल्यावर मिळणारा!"

तो हसला. त्याने काकांच्या गुडघ्याची चौकशी केली, मग पंख्याच्या आवाजाबद्दल बोलला. हातांचं काय करावं ते सुचेना, म्हणून काकांचा चष्मा उचलून पुसत बसला. काका मधूनमधून खडा टाकून बघत होते. "यंदा हप्ते वाढले का रे?" "माझ्या वयाला महाग पडेल, नाही?" एरवी दर भेटीत तो पॉलिसीचं विचारायचा आणि काका दर भेटीत त्याला उडवून लावायचे. आज तो प्रत्येक वेळी विषय बदलत राहिला.

शेवटी तो उठला. "येतो, काका. आज सहजच आलो होतो."

काकांनी त्याचं मनगट धरलं. "बरं बाबा, हरलो मी. काढ माझी पॉलिसी. आत्ता सही करतो."

"असू दे ना, काका," तो खाली बघत म्हणाला. "घाई काय आहे?"

काकांनी हळूच मनगट सोडलं आणि आत हाक मारली, "अगं, बाहेर ये. याने सांगितलं मला."