खडकावरून गोठ्यात

म्हैस सकाळपासून अडली होती. रेडकाचं नाकाड आणि एकच खूर, एवढंच बाहेर आलं होतं. भागूबाई झोरेचा प्रपंच या एका म्हशीच्या दुधातुपावर चालायचा, आणि डोंगरावरच्या धनगरवाड्यावर गाडीची वाट नव्हती. मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त वरच्या खडकावर. सून सुंदरा तिकडे पळाली, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना तिने फोन लावला आणि त्या सांगतील ते खडकावरूनच ओरडून सांगू लागली. उतारावर उभ्या राहिलेल्या शेजारणी तिचा शब्द तोंडोतोंडी गोठ्यात पोचवत होत्या.

"दुसरा पाय आत दुमडलाय! आधी रेडकू मागं ढकल!"

भागूबाईने कोपरापर्यंत साबण चोळून हात आत घातला. "गावला, गावला पाय!" ती ओरडली. निरोप वर गेला आणि उत्तर धावत खाली आलं.

"खूर मुठीत धरून पुढं आण! म्हैस कळ देईल तवाच ओढ!"

म्हशीने कळ दिली. भागूबाईने सगळा जीव एकवटून ओढलं, आणि ओलंचिंब रेडकू तिच्या मांडीवर आदळलं. ते हलेना. तिने त्याच्या नाकातला चिकटा पुसला, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. रेडकू फाडकन शिंकलं.

"पारडी हाय गं! जित्ती हाय!"

आरोळी उतार चढत गेली. खडकावर सुंदरा नाचायलाच लागली. मग वरून निरोप आला, "बाई इचारत्यात, खरवस कवा?"

भागूबाईला हसता हसता रडू फुटलं. "म्हणावं, चढून या! पहिलं ताट तुमचंच!"