कोणी बघत नाहीये

बाबांच्या अस्थींचा स्टीलचा डबा आईनं नागपूरहून आणला. त्यांचा आयर्लंडचा समुद्र बघायचा राहून गेला होता. तिथल्या डोनेगॉलच्या किनाऱ्यावर टूरच्या बोटीत चढताना ओजसनं तिला बजावलं, “डबा पिशवीतच ठेव. लोकांचं लक्ष नसेल तेव्हा गुपचूप विसर्जन करू. मंत्रबिंत मोठ्यानं नको, उगाच शोभा होईल.” कड्यांखाली बोट मंदावली आणि कोणीतरी ओरडलं, “डॉल्फिन!” सगळे एका बाजूला धावले. ओजसही, मोबाइल उंच धरून. डॉल्फिन दिसेनासे झाल्यावर तो हसत परतला. “आई, बघ, भारी व्हिडिओ आलाय!” दोघं स्क्रीनवर वाकली. काळ्या पाठी उसळत होत्या. व्हिडिओतल्या गलक्यात अगदी जवळून आईचा आवाज आला, “ओजस, कोणी बघत नाहीये. ये रे, नुसता हात लाव.” ओजसला मान वर करवेना. “छान आलाय,” म्हणत आईनं रिकामा डबा ओढणीनं पुसून पिशवीत ठेवला.